कोल्हापुरातले शेवटचे दोन दिवस: चप्पल आधी, गूळ शेवटी

ठाण्याचे आमचे दाजी तीन वर्षांपूर्वी सगळ्या घराला घेऊन आले होते. चार दिवस मजेत फिरले आणि निघायच्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "अरे, चप्पल राहिली की!" रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस होती. मी त्यांना गाडीवर मागं घेऊन चप्पल लाईनीत सोडलं. दाजींनी स्टुलावर बसल्या बसल्याच एक जोड पायात सरकवला, "बसतोय" म्हणाले आणि पैसे देऊन मोकळे झाले. ठाण्यात तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांना फोड. तो जोड आता त्यांच्या माळ्यावर पडून आहे.

चप्पल चांगली होती, घ्यायची वेळ चुकली. कोल्हापूर बघायला आलेली बहुतेक घरं शेवटच्या दुपारवर चार कामं ढकलतात: अंबाबाईचं दर्शन, चप्पल, मटण आणि गूळ. त्यातला गूळ सोडला तर घाईत नीट होणारं एकही काम नाही. म्हणून हल्ली पाहुणे आले की शेवटच्या दोन दिवसांचा क्रम मीच लावून देतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी तोच इथं लिहितोय. रविवारी रात्री निघायचं असं धरलंय. तुमचा वार वेगळा असेल तर मागंपुढं करून घ्या.

शुक्रवार संध्याकाळ: चप्पल

शुक्रवार देवीचा वार, त्यामुळं महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. तिकडं फिरकू नका. चारचाकी असेल तर बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत चालत जा.

संध्याकाळच का? दिवसभर फिरून पाय थोडा फुगलेला असतो. त्या पायाला बसलेली चप्पल सकाळीही बसते. उलटं होत नाही. दोन्ही पायांत घाला, उभं राहा, दुकानाबाहेर रस्त्यावर दहा-पंधरा पावलं चाला. पट्टा थोडा आवळतोय असं वाटलं तर घाबरू नका, चामडं वापरून सैल पडतं. टाच मागं बाहेर येत असेल तर मात्र तो जोड सोडा, कारण लांबी कधी वाढत नाही. आणि अंगठा आत घालतानाच जोर लावावा लागला तर दुकानदाराला तिथंच सांगा. दाजींचं घोडं इथंच अडलं होतं.

मग चप्पल उलटी करा. अस्सल हातशिलाईच्या चप्पलेला तळाचे थर चामड्याच्या वादीनं शिवलेले असतात, खिळा नसतो. वादीचे टाके बोटाला लागतात आणि ते अगदी एकसारखे नसतात. मशीनसारखी सरळ रेघ आणि कडेला सुकलेला गोंद दिसला तर समजून घ्या. वास घ्यायला लाजू नका. झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास उग्र असतो, पण तो कातड्याचाच असतो. रंग-रसायनाचा भपका वेगळा कळतो. नावंही कानावर पडतील: कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी. कापशी ही कागल तालुक्यातल्या कापशी गावची, नाजूक कामाची. रोज वापरायची असेल तर जाड तळाचं पायताण घ्या. लग्नात एकदा घालून ठेवून द्यायची असेल तर कापशी घ्या आणि फोटो काढा.

"माल अथणीचा आहे" असं कुणी म्हणालं तर फसवलं असं समजू नका. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर इकडचे. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर तिकडचे. अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं. कारागिरांची घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, नाव तेवढं आमच्या गावाचं लागलंय.

पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा: "चावली तर रविवारी सकाळी आणू का?" ज्याला माल ठाऊक आहे तो "आणा की" म्हणतो. फर्म्यावर चढवून सैल करून देतो नाहीतर जोड बदलतो. टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे. बिल घ्या.

खोलीवर जाऊन अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून बोटभर खोबरेल चोळा आणि तीच चप्पल घालून रंकाळ्यावर जा. तासभर चालणं होईल, चप्पल कुठं चावते तेही कळेल. पलीकडच्या काठाला शालिनी पॅलेस दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडतो, पावसाळ्यात तो बुडालेला असतो. काठावरच्या देवळातल्या नंदीबद्दल आमच्या आज्ज्या सांगायच्या की तो रोज गहूभर पुढं आणि तांदूळभर मागं सरकतो, आणि रंकाळ्यात पोचला की जगबुडी. मुलांना सांगा. आमचा भाचा पट्टी घेऊन मोजायला बसला होता.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा. हे मी कुणालाच चुकवू देत नाही. म्हशी कट्ट्यावर उभ्या असतात. तुम्ही सांगितलं की गवळी ग्लास कासेखाली धरतो आणि धार सरळ ग्लासात पडते. आधी काचेवर सर्रकन आवाज, मग फेस वाढत कडेपर्यंत येतो. दूध कोमट लागतं आणि शहरातली मुलं पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. दुसऱ्याला मिशी उमटते. लहान मुलाला कच्चं दूध सोसत नसेल तर बळजबरी करू नका, बघितलं तरी पुरे.

शनिवार: पन्हाळा, आणि फक्त पन्हाळा

पन्हाळा गावापासून 20 किलोमीटरवर. सकाळी साडेसातला निघा. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीचा रस्ता धरायचा, केर्लीला ज्योतिबाचा फाटा फुटतो आणि पुढं वाघबीळला पन्हाळ्याचा. ज्योतिबा आणि पन्हाळा एका दिवसात होतात, सगळे टूरवाले करवतातच. माझं मत विचाराल तर सोबत गुडघे दुखणारं माणूस किंवा कडेवरचं पोर असेल तर दोनातलं एक घ्या. दोन्ही करणारच असाल तर ज्योतिबा आधी, आणि पांढरे कपडे नकोत. तिथं गुलाल कुणाला विचारून पडत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आला असाल तर निघण्याआधी एक आकडा बघा. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या टपरीवर "कसं काय?" च्या आधी "पाणी किती?" विचारतात. पाणी चढत असेल आणि कुणी "रेडेडोह फुटला" असं म्हणालं, तर पुराचं पाणी पन्हाळ्याच्या वाटेवर यायला लागलंय असं समजा आणि तो दिवस शहरात काढा. 2019 आणि 2021 चे पूर आम्ही विसरलेलो नाही; तुम्हीही नदीशी पैज लावू नका.

गडावर सगळं बघायच्या नादी लागू नका. चार ठिकाणं नीट बघा: तीन दरवाजा, त्याला लागून असलेली अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जाकोठी. अंधारबाव तीन मजली विहीर आहे, भर उन्हात आत गार वाटतं. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं. गंगा सगळ्यांत मोठं. आत उभं राहून मुलांना हाक मारायला सांगा, आवाज घुमतो. आणि मग त्यांना विचारा की एवढं धान्य कशाला लागायचं. उत्तर 1660 मध्ये आहे. सिद्दी जौहरनं मार्चपासून गडाला वेढा घातला होता. पाऊस सुरू झाला तरी तो हलला नाही. 12 जुलैच्या रात्री शिवाजी महाराज निसटले, त्यांच्या वेशात शिवा काशीद पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू लढले. महाराज राजदिंडीच्या वाटेनं उतरले असं सांगतात. ही गोष्ट गाडीत सांगू नका. राजदिंडीच्या बाजूला तटावर उभे राहून खालचं रान दाखवत सांगा, म्हणजे रात्र, पाऊस आणि विशाळगडापर्यंतचं अंतर पोरांच्या डोक्यात शिरतं.

2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. तेव्हा वेफर्सचं पाकीट खिशात घालून खाली आणा. घरात मराठी शिकवणारं कुणी असेल तर त्यांना सांगा, 'केकावली'वाले मोरोपंत 1729 मध्ये इथंच जन्मले.

दुपारी झुणका-भाकरी. बायका चुलीवर थापून देतात, सोबत खर्डा, कांदा आणि मडक्यातलं दही. खर्डा आधी नखावर घेऊन बघा. दही मडक्यासकट मिळतं. मडकं घरी न्यायचा मोह आवरा, पोचेपर्यंत फुटतं.

पाचला खाली उतरा. संध्याकाळी काही ठेवू नका. बॅगा शनिवारी रात्रीच भरा आणि एक पिशवी मुद्दाम रिकामी राहू द्या. रविवारी संध्याकाळी ती कशानं भरते ते कळेलच.

रविवार पहाट: अंबाबाई

बाहेरचे महालक्ष्मी म्हणतात, आम्ही अंबाबाई म्हणतो. रिक्षावाल्याला "अंबाबाईच्या देवळात" म्हणालात की तो मागं वळून बघतो आणि गप्पा सुरू होतात. त्यात एखादी बाई "मी जातो आता, उद्या येतो" म्हणाली तर चकित होऊ नका. आमच्याकडं बऱ्याच बायका असंच बोलतात.

रविवारी गर्दी असणारच, म्हणून पहाटे पाचला रांगेत असा. नवी चप्पल घालून जाऊ नका. ठेवायला स्टँड आहे, तरी पण. जुनं रबरी काहीतरी घाला आणि निर्धास्त देवीपुढं उभे राहा. रांग फार लांब असेल आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग विचारा. लांबून होतं, पण होतं.

देवळाला चार बाजूंना चार दरवाजे आहेत. पश्चिमेचं महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा, दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा आणि पूर्व दरवाजा. आत एकदा ताटातूट झाली की जो तो वेगळ्या दारातून बाहेर पडतो आणि फोनवर "मी दारातच उभा आहे" म्हणत राहतो. आत जायच्या आधीच ठरवा: चुकलो तर घाटी दरवाजा.

दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका. उजाडायला लागलेलं असतं. काळ्या दगडाच्या बाहेरच्या भिंती सरळ नाहीत, कोनाकोनात मोडलेल्या आहेत आणि प्रत्येक कोनात कुणी नाचतंय, कुणी वाजवतंय. कोवळं ऊन तिरपं पडलं की त्या मूर्ती उठून दिसतात. उन्हाचं म्हणाल तर खरा सोहळा संध्याकाळचा असतो. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले की नाही. तारखा जुळवता आल्या तर सहल तेव्हाच आखा, पण मग हॉटेल फार आधी धरा.

मिसळ, दुकान, आणि रोमहून आलेला देव

नाश्त्याला मिसळ. उद्यमनगरातली फडतरे नावाजलेली आहे, रविवारी तिथं थांबावं लागतं. थांबायचं नसेल तर रिक्षावाल्याला "तुम्ही कुठं खाता?" एवढं विचारा. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात. पाव मागून बसू नका. रस्सा म्हणजे कट. पोरांसाठी कट वेगळा वाटीत मागा आणि दही घ्या. पुणे-मुंबईकडचे पाहुणे पहिल्याच घासाला "एवढी काही तिखट नाही" म्हणतात. पाचव्या घासाला पाणी मागतात.

दहा वाजता दुकानं उघडतात. चप्पल चावली असेल तर आता घेऊन जा. शांतपणे काम होतं, दुकानदारही ताजातवाना असतो. तिथून गुजरी, म्हणजे सराफ बाजार, जवळच. ठुशी, साज बघायचा असेल तर तासभर धरा. साजाला 21 पानं असतात, मोजून घ्या. सोन्याचं माझं ज्ञान इथं संपतं, पुढं घरच्या बायकांचं ऐका.

दुपारच्या आधी दोनातलं एक म्युझियम. न्यू पॅलेस सगळे बघतात: 1877 ते 1884 मध्ये मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेला काळ्या दगडाचा राजवाडा, घड्याळाचा मनोरा, आत शस्त्रं, दरबार हॉल आणि पेंढा भरलेली जनावरं. आत फोटो काढू देत नाहीत. वाघ बघून मुलं खूश होतात. आमची पाच वर्षांची भाची मात्र दारातूनच भोकाड पसरून परत आली. पोरं दहा-बारा वर्षांची असतील तर मी टाऊन हॉलला पाठवतो. सीपीआर दवाखान्यासमोरची ती जुनी इमारत. नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती. समुद्र इथून घाट उतरून कितीतरी लांब. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा आणि त्या वाटेनं हा देव पंचगंगेच्या काठाला येऊन पडला. मूर्ती एवढी लहान आहे की घाईत चुकते, विचारून बघा. सोमवारी म्युझियम बंद असतं, म्हणूनही हे रविवारीच उरका.

मटण

रविवार म्हणजे घरोघरी मटण, तुम्हीही आजच खा. ताट आलं की आधी पांढरा रस्सा वाटीनं प्या. तो अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचं दूध आणि काजू-खसखस वाटून केलेला असतो. पोरांना बहुतेक चालतो. मग सुक्कं आणि भाकरी, आणि तांबडा रस्सा भातावर. रस्सा संपला की वाढपी स्वतःच विचारतो, संकोच करू नका. तांबड्याला रंग आहे तेवढा जाळ नसतो, चांगल्या खानावळीत तरी. डोळ्यांतून पाणी आणणं ही पाहुण्यांसाठी चालवलेली जाहिरात आहे. आमच्या आईच्या तांबड्यानं कुणी रडलं नाही. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी मागा.

गूळ आणि चटणी, अगदी शेवटी

गूळ शेवटी, कारण तो जड आहे, उन्हात पाझरतो आणि हॉटेलच्या खोलीत त्याला मुंग्या तुमच्या आधी शोधतात. कोल्हापुरी गुळाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. पिवळाधमक, देखणा गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला पावडरी वापरतात. तांबूस-तपकिरी घ्या. खडा मोडून जिभेवर ठेवा. खारट लागला तर परत ठेवा. इथं मोठ्या ढेपेला रवा म्हणतात, तेव्हा "रवा देऊ का?" म्हटल्यावर शिऱ्याचा समजू नका. तुम्हाला किलोची ढेप पुरे.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये आला असाल आणि गाडी असेल तर शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला गुऱ्हाळाचा धूर दिसतो. थांबून विचारा, बहुतेक जण "या की" म्हणतात. चुलवाणात चिपाडं जळत असतात, वर भलीमोठी काहील उकळत असते आणि गुळव्या मळी काढत उभा असतो. तो मधूनच रसाचे दोन थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी वळते का बघतो. वळली की आरोळी देतो, चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात. पोरांना काहिलीपासून चार हात लांब धरा. गरम गुळात शेंगदाणे घालून हातावर देतील, ते खा.

काकवी घेतलीत तर बाटली बॅगेत आडवी ठेवू नका. मी एकदा मुंबईला जाताना ठेवली होती. कराडपर्यंत तीन शर्ट आणि बायकोची पैठणी चिकटून एक झाली. त्या पैठणीचा विषय अजून निघतो. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, बाटली दुहेरी पिशवीत, आणि उभी. विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत ती सोडतीलच असं नाही, सामानात द्या.

मसाल्याच्या दुकानात "कांदा-लसूण चटणी" मागा. आमच्याकडं चटणी म्हणजे हेच लाल तिखट, खोबऱ्याची ओली चटणी नव्हे. पाव किलो घ्या, आणि पाकीट स्टीलच्या डब्यात घालून न्या. नाहीतर वासावरून रेल्वेचा सगळा डबा तुम्हाला विचारायला येतो, कोल्हापूरहून आलात का.

निघताना

रेल्वे असेल तर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर अर्धा तास आधी पोचा. एसटी स्टँड तिथून जवळच आहे, रिक्षावाल्याला "सीबीएस" म्हणायचं. गाडीनं पुण्याकडं जाणार असाल तर जेवून लगेच निघू नका. रविवारी संध्याकाळी किणी आणि तासवडे टोलला रांगा लागतात आणि हायवेचं काम चालू असलं की आणखी तास जातो. त्यापेक्षा सोमवारी पहाटे निघा. पोरांची शाळा बुडेल, त्याला माझा इलाज नाही.

दाजी या मेमध्ये परत येतायत. माळ्यावरची चप्पल बरोबर आणायला सांगितलंय. तीन वर्षं पडून कडक झाली असेल, पण आधी तेल लावून फर्म्यावर चढवून बघू. नाहीच जमलं तर शुक्रवारी संध्याकाळी नवा जोड.